‘जोयडा’ हा शब्द कुठे तुटतो?

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातली काही गावं एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहून घ्या. एका ओळीवर एक नाव: अणशी, उळवी, कॅसलरॉक, कुंभारवाडा, गणेशगुडी, जगलबेट, जोयडा, डिग्गी, रामनगर. या भागात घरात कोकणी किंवा मराठी, बाजारात तिन्ही भाषा आणि सरकारी कागदावर कन्नड. त्यामुळे शाळेची यादी असो की बचत गटाची, नावं एकाहून अधिक लिप्यांत ठेवायची वेळ इथे वारंवार येते.

आता डेबियन लिनक्स असलेल्या संगणकावर टर्मिनल उघडा आणि ‘कट’ या कमांडला सांगा, की प्रत्येक ओळीतले पहिले चार वर्ण दे. (कमांड टाईप करायची ती रोमन लिपीतच, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहीत आहे.) पर्याय ‘सी’, म्हणजे ‘कॅरेक्टर’, आणि पुढे १ ते ४. जोयडाच्या जागी पडद्यावर उमटतं ते फक्त ‘ज’ आणि त्याला चिकटून काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. बाकीच्या गावांचीही तीच गत: पहिलं चिन्ह आणि पुढे कचरा.

हा बग आहे का? असेल तर कोणाचा? तो दुरुस्त कसा होतो आणि दुरुस्तीला वर्षं का लागतात? या एका शब्दाचा माग काढला की मुक्त सॉफ्टवेअरमधल्या कमांडी कशा सांभाळल्या जातात, याची बहुतेक सगळी वाट पायाखालून जाते.

आधी मोजून पाहू

‘डब्ल्यूसी’ नावाची मोजणी करणारी कमांड आहे. तिला ‘जोयडा’ हा शब्द दिला आणि बाइट मोजायला सांगितले, तर उत्तर येतं १५. वर्ण मोजायला सांगितले, तर ५. आपण मराठी माणसं मोजतो ३: जो, य, डा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत.

युनिकोडमध्ये ज, ओकार, य, ड आणि काना अशी पाच वेगळी चिन्हं साठवली जातात. ही चिन्हं फाईलमध्ये लिहिण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, ती म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. तिच्यात इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात. ‘ज’ हा २२४, १६४, १५६ असा साठवला जातो. ओकार सुरू होतो तोही २२४ नेच. पाच गुणिले तीन, पंधरा.

कटने पहिले चार वर्ण दिलेच नाहीत, पहिले चार बाइट दिले. पहिले तीन ‘ज’चे आणि चौथा ओकाराचा एक तृतीयांश तुकडा. त्या तुकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, म्हणून टर्मिनल प्रश्नचिन्ह दाखवून मोकळं होतं.

बग की मर्यादा?

तक्रार करण्याआधी तीन ठिकाणी पाहायचं असतं: मानकात, कमांडच्या माहितीपत्रात आणि दुसऱ्या यंत्रावर.

युनिक्ससारख्या प्रणालींसाठी पॉझिक्स नावाचं मानक आहे. त्यात कटसाठी ‘बी’ म्हणजे बाइट आणि ‘सी’ म्हणजे वर्ण, असा भेद स्पष्ट केलेला आहे. म्हणजे मानकानुसार आपली अपेक्षा रास्त आहे.

लिनक्सवरची कट येते ग्नू प्रकल्पाच्या ‘कोअरयुटिल्स’ या संचातून. फाईल, शेल आणि मजकूर यांच्या कमांडींचे तीन जुने संच एकत्र करून तो तयार झाला. फाईलींची यादी दाखवणारी, नक्कल करणारी, क्रम लावणारी अशा शंभराहून अधिक कमांडी त्यात आहेत. या कटच्या माहितीपत्रात वर्षानुवर्षं एक वाक्य छापलेलं होतं, की ‘सी’ हा पर्याय सध्या ‘बी’सारखाच वागतो, पुढे बहुभाषिक सोय झाली की हे बदलेल. म्हणजे सांभाळणाऱ्यांना ही उणीव ठाऊक होती आणि त्यांनी ती लपवलेली नव्हती. असा दोष ‘अपूर्ण काम’ या रकान्यात जातो. त्याची नव्याने तक्रार करण्यापेक्षा आधीच्या नोंदीत आपलं उदाहरण जोडणं जास्त उपयोगाचं.

तिसरी पाहणी सगळ्यांत बोलकी. हीच यादी आणि हीच कमांड फेडोरा लिनक्सवर चालवा. तिथे उत्तर येतं ‘जोयड’. प्रश्नचिन्ह गायब. कारण फेडोरा आणि सूसे यांनी मूळ कोअरयुटिल्सवर स्वतःचा एक मोठा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, चढवलेला आहे. त्याने कट, सॉर्ट, युनिक, जॉइन, फोल्ड अशा कमांडींना एकाहून अधिक बाइटचे वर्ण कळू लागतात. डेबियनने तो पॅच घेतला नाही. म्हणून नाव तेच, कमांड तीच, पण दोन यंत्रांवर दोन उत्तरं. बग कळवताना ‘माझ्याकडे कट नीट चालत नाही’ एवढं पुरत नाही, ते यामुळेच. कुठली प्रणाली, कमांडची कुठली आवृत्ती आणि भाषेची मांडणी, म्हणजे लोकेल, कोणतं, हे तिन्ही सांगावं लागतं.

कळवायचं कसं

चांगल्या बग-रिपोर्टचं गमक एका गोष्टीत आहे: वाचणाऱ्याला आपल्या संगणकावर दोन मिनिटांत तोच दोष उभा करता आला पाहिजे. म्हणून तालुक्याची पूर्ण यादी पाठवू नये. यादी निम्मी करावी, दोष उरतो का पाहावं, पुन्हा निम्मी करावी. शेवटी ‘जोयडा’ हा एकच शब्द हातात राहतो. तो दिला, चालवलेली ओळ जशीच्या तशी लिहिली, मिळालेलं उत्तर दिलं आणि अपेक्षित उत्तर दिलं, की रिपोर्ट पुरा झाला. मिळालेलं उत्तर चित्राऐवजी बाइटच्या आकड्यांत द्यावं. ‘ओडी’ ही कमांड ते आकडे दाखवते. पडद्याचा फोटो पाहून दोष कमांडचा, टर्मिनलचा की फाँटचा, हे ओळखता येत नाही. आकड्यांवरून लगेच कळतं.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक ओळ लिहायलाच हवी: हे उत्तर चुकीचं का, ते शब्दांत. युरोपात बसलेल्या मेंटेनरला, म्हणजे कमांड सांभाळणाऱ्याला, ‘जोयड’ आणि ‘जोयडा’ यांतला फरक दिसतो, पण काना हा ‘ड’पासून तोडता येत नाही हे त्याला माहीत असेलच असं नाही.

दोष शोधणं

कमांडचा सगळा सोर्स कोड आणि त्याचा इतिहास ‘गिट’ने एकदा उतरवून घेतला, की पुढचं काम इंटरनेटशिवाय होतं. अणशी-डिग्गीच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते. अशा ठिकाणी बसून काम करणाऱ्याला ही रचना फार सोयीची आहे. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, हे सगळं आपल्याच डिस्कवर असतं. तयार झालेला पॅचही साध्या मजकुराचा, काही किलोबाइटचा. रेंज आली की ई-मेलने जातो.

दोष पूर्वी नव्हता आणि मधेच उपटला असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ कामाला येतं. हजार बदलांच्या आधी कमांड ठीक होती आणि आज बिघडलेली आहे, असं समजा. गिट बरोबर मधला बदल काढून देतं. तिथे तपासायचं आणि ‘ठीक’ किंवा ‘बिघडलेलं’ एवढंच सांगायचं. दर वेळी शोधाचा पट्टा निम्मा होतो, त्यामुळे हजारांतला गुन्हेगार साधारण दहा तपासण्यांत सापडतो. कटचा दोष मात्र असा मधेच शिरलेला नाही, तो मुळातला आहे. ओळ एका-एका बाइटने वाचणारी फिरकी, म्हणजे लूप, हेच त्याचं घर.

दुरुस्ती: दिसते सोपी

एका बाइटऐवजी एक वर्ण वाचायचा, एवढंच तर करायचं. सी भाषेच्या लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शनही आहेत. पण कट ही जगभरातल्या असंख्य स्क्रिप्टमध्ये रुतलेली कमांड आहे, म्हणून प्रत्येक पावलाला प्रश्न उभा राहतो.

पहिला प्रश्न मोडक्या मजकुराचा. पूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत टाईप केलेल्या मराठी फाईली आजही अनेक छापखान्यांत पडून आहेत. त्यांतले बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत. असा बाइट समोर आला तर कमांडने थांबायचं नाही, तो गाळायचाही नाही. जसा आला तसा पुढे द्यायचा. कोणाचा डेटा हरवणं हा कुरूप प्रश्नचिन्हापेक्षा फार मोठा गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न वेगाचा. कटला कित्येकदा काही गिगाबाइटच्या नोंदी चाळाव्या लागतात आणि त्यातला बहुतेक मजकूर इंग्रजी व आकडे असतो. प्रत्येक ठिकाणी ‘हा वर्ण किती बाइटचा?’ हे विचारत बसलं, तर सगळ्यांचं काम मंदावतं. म्हणून एक बाइटच्या वर्णांसाठी वेगळी जलद वाट ठेवावी लागते. कोड वाढतो आणि कोड वाढला की बग लपायला जागा वाढते.

तिसरा प्रश्न जुन्या वापराचा. ‘सी’ म्हणजे बाइट, असं गृहीत धरून कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट एखाद्या बँकेत किंवा प्रयोगशाळेत रोज चालत असते. आपली दुरुस्ती तिच्यासाठी बिघाड ठरू शकते. म्हणून बदलाची नोंद आवृत्तीसोबतच्या ‘न्यूज’ फाईलमध्ये ठळकपणे जाते आणि बाइटच हवे असतील तर ‘बी’ वापरा, असं तिथे सांगितलं जातं.

या प्रश्नांची उत्तरं कोडइतकीच टेस्टमध्ये लिहिली जातात. ‘जोयडा’ची एक टेस्ट, नुसत्या इंग्रजीची एक, मोडक्या बाइटची एक, रिकाम्या ओळीची एक, प्रचंड लांब ओळीची एक. पुढे कोणीही कोड बदलला की या सगळ्या आपोआप चालतात. दुरुस्ती आज होते. ती उद्या टिकते ती टेस्टमुळे.

लांब ओळीची टेस्ट का हवी, याचं प्रत्यक्ष उदाहरण सूसेच्या त्या बहुभाषिक पॅचमध्येच सापडलं. त्यात सॉर्ट, युनिक आणि जॉइन या कमांडी ओळीच्या लांबीएवढी जागा स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या मर्यादित कामचलाऊ स्मृतीत, मागत होत्या. ओळ अतिशय लांब असली की स्टॅक ओसंडून कमांड कोसळायची. सीव्हीई-२०१३-०२२१, ०२२२ आणि ०२२३ हे तीन सुरक्षा-क्रमांक याच दोषांचे. हेतू चांगला, काम उपयोगाचं, तरीही नवीन दोष आले. तोच पॅच मूळ संचात घ्यायला मेंटेनर इतकी वर्षं का बिचकत होते, ते इथे समजतं. त्यांना बहुभाषिक सोय हवी होती, पण जी सोय आयुष्यभर सांभाळता येईल अशा कोडमधली.

कमांडच्या पोटातली लायब्ररी

वर्ण कुठे संपतो, कुठलं अक्षर आधी आणि कुठलं नंतर, हे कट किंवा सॉर्ट स्वतः ठरवत नाही. ते विचारतात ग्नू सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला. पुण्यातून या लायब्ररीवर काम केलेले सिद्धेश पोयरेकर तिच्या प्रमुख मेंटेनरांपैकी एक. ऑगस्ट २०१७ मधली २.२६ ही आवृत्ती त्यांच्या व्यवस्थापनाखाली प्रसिद्ध झाली. पुण्याच्याच रेड हॅट कार्यालयातल्या अभियंत्यांनी देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे लोहित टंक वर्षानुवर्षं सांभाळले. म्हणजे ही कामं दूर कुठेतरी दुसरेच कोणी करतात, असं नाही.

अक्षरांच्या क्रमाचंच पाहा. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलेला आहे. फक्त बाइटच्या क्रमाने लावलं, तर ‘काळी’ हे नदीचं नाव ‘कास’च्या आधी येतं, मराठी शब्दकोशाच्या क्रमाने ते नंतर यायला हवं. अशा चुका लोकेलच्या नियमांत दुरुस्त होतात.

पण क्रम दुरुस्त करण्याचीही किंमत असते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने अनेक भाषांचे क्रम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. ते योग्यच होतं. मात्र पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचून ठेवलेले होते. प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली आणि इंडेक्स पुन्हा बांधले नाहीत, तर डेटाबेसमध्ये असलेली नोंदही शोधताना सापडेनाशी होऊ लागली. एका थरातली बरोबर दुरुस्ती वरच्या थरात बिघाड होऊन उगवते, ती अशी.

दुरुस्तीनंतर उरलेला काना

आता पुन्हा फेडोराच्या उत्तराकडे वळू: ‘जोयड’. कचरा गेला, मानकही पाळलं गेलं, तरी मराठी वाचणाऱ्याला हे उत्तर पटत नाही. काना मागे राहिला. कारण मानकाचा ‘वर्ण’ म्हणजे युनिकोडचं एक चिन्ह. आपलं अक्षर म्हणजे स्वरचिन्हासकट पूर्ण एकक.

युनिकोडने अशा एककांच्या सीमा ठरवणारे वेगळे नियम केलेले आहेत. त्यांत काना-मात्रा मूळ अक्षराला जोडूनच राहतात. जोडाक्षराची गोष्ट मात्र बराच काळ अर्धवट होती. ‘क्ष’ हा क्, ष असा मधून तुटू शकत होता. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये त्यासाठी नवा नियम आला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम या लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. त्या यादीत कन्नड नव्हती. दोन्ही लिप्या रोज वापरणाऱ्या जोयड्यासारख्या तालुक्यात हा फरक प्रत्यक्ष कामात जाणवणारा आहे.

सगळेच दोष कमांडमध्ये दुरुस्त करता येत नाहीत, हेही इथेच शिकायला मिळतं. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकदा ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या कमांडला एक दिला तर दुसरा सापडत नाही. तीच गोष्ट ‘ॲ’ची. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फाईलींत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. ग्रेप बाइटशी प्रामाणिक राहते, ती चूक करत नाही. इथे इलाज म्हणजे शोधण्याआधी मजकूर एकाच साच्यात आणणं. दोष कोणत्या थरात आहे हे ओळखणं, हे अर्धं काम असतं आणि मेंटेनरचा बराच वेळ त्यातच जातो.

सांभाळणारी माणसं

यातली बरीच कामं मोजक्या माणसांच्या खांद्यावर असतात. मेंटेनर नवा कोड लिहितो त्याहून जास्त वाचतो: आलेले रिपोर्ट, आलेले पॅच, तुटलेल्या टेस्ट. नाही म्हणणं हाही त्याच्या कामाचाच भाग. घेतलेला प्रत्येक पॅच पुढची कित्येक वर्षं त्यालाच सांभाळायचा असतो. देणारा बहुधा परत येत नाही.

या भाराकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिलं. फाईली दाबून लहान करणारा ‘एक्सझी’ हा संच लासे कॉलिन हे एकटे, विनामोबदला सांभाळत होते आणि थकले होते. मदतीच्या नावाखाली एका टोपणनावाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याशा गोष्टीचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला, म्हणून तो बहुतेक सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधी पकडला गेला. अर्धा सेकंद खटकणं आणि तो का लागतो हे शोधून काढणं, दोन्ही बग शोधण्याच्याच सवयीतून येतं.

आपण काय करावं

आपल्या भाषेतला दोष आपल्याशिवाय दुसऱ्याला दिसत नाही. प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी चालेल. जोयडा, कारवार, बेळगाव किंवा कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने रोजच्या कामात अडणारा एक शब्द निवडावा, तो कुठल्या कमांडमध्ये तुटतो ते पाहावं, आधीची नोंद आहे का ते शोधावं आणि प्रणाली, आवृत्ती, लोकेल, चालवलेली ओळ, मिळालेलं व अपेक्षित उत्तर एवढं नीट लिहून पाठवावं. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल, तर पॅचच्या आधी टेस्ट लिहून द्यावी. मराठी आणि कन्नड शब्दांच्या टेस्टची गरज मोठी आहे आणि मेंटेनर त्या आनंदाने घेतात, कारण टेस्टने जुनं काही मोडत नाही. पाठवल्यावर मात्र तिथेच सोडून जाऊ नका. मेंटेनरच्या प्रश्नांना उत्तर द्या, पुढची आवृत्ती आली की पुन्हा तपासा. कमांडी टिकतात त्या अशा परत येणाऱ्या माणसांमुळे.